दुपारची ट्रायल

“गुरुजी, इथं बसायचं आणि बघायचं.”

“काय बघायचं?”

“काय व्हत नाय ना, ते बघायचं.”

महाडच्या माझ्या घरमालकांनी मला त्यांच्या संगणकासमोर पहिल्यांदा बसवलं, तेव्हा आमच्यात एवढंच बोलणं झालं. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. एखादी गोष्ट होत असली तर ती बघायला मला जमतं, पण काही होत नाही हे कसं बघायचं, याचं शिक्षण मला कुणी दिलेलं नव्हतं. तरी बसलो. पडद्यावर आकड्यांच्या ओळी भराभर वर सरकत होत्या आणि टेबलाखालचा डबा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावत होता. बऱ्याच वेळानं मी बाहेर पडवीत आलो आणि म्हणालो, “काका, काही झालं नाही.”

“नक्की?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

झालं. त्या एका शब्दानं माझी सगळी खात्री गेली. मध्ये एकदा मी चष्मा पुसला होता. तेवढ्यात काही होऊन गेलं असलं तर? मी प्रामाणिकपणे तसं सांगून टाकलं. त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली आणि म्हणाले, “मग उद्या परत लावू.”

काका एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. उंची बेताची, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, बोटांच्या रेघांत इतकं ऑइल मुरलेलं की दिवाळीच्या उटण्यानंही ते हटत नसे. हातात सदोदित अडकित्ता. सुपारी ते फारशी खात नसत, कातरत मात्र दिवसभर असत आणि कातरलेली आल्यागेल्याला वाटत. खाली ते आणि काकू राहायचे, वरच्या खोलीत भाड्यानं मी. मी मूळचा घाटावरचा, वाईकडचा. महाडच्या उकाड्याची आणि या काकांची सवय करून घ्यायची होती. उकाड्याची झाली.

खोली बघायला गेलो त्या दिवशीच त्यांनी माझ्या खांद्यावर तांदळाचं पोतं दिलं आणि म्हणाले, “जिना चढा.” मला वाटलं, जिना मजबूत आहे हे दाखवायचं असेल. चढलो. “आता उतरा.” उतरलो. “परत चढा.” तिसऱ्या खेपेला मी धापा टाकत म्हणालो, “काका, जिना चांगला आहे.”

“जिना माझ्या बापानं बांधलाय. जिन्याला कोण बघतंय? मी तुमाला बघतोय.”

मग त्यांनी अट सांगितली. नदीला पूर आला आणि गावात भोंगा वाजला, की वरची खोली मालकांची. खालचं सगळं सामान वर न्यायचं, त्यात भाडेकरूनं खांदा द्यायचा, आणि पाणी उतरेपर्यंत तिघांनी वर राहायचं. महाडात अशा अटी पुष्कळ घरांत असतात, हे मला नंतर कळलं. भोंगा वाजला की मी माझी खाट भिंतीला सरकवून मधली जागा मोकळी करायचो. काका सगळ्यात आधी संगणक घेऊन वर यायचे. मग भांडी, धान्य, देव, आणि शेवटी लोणच्याची बरणी पोटाशी धरून काकू.

पाणी उतरलं की काकू खाली जायच्या आणि चिखल काढायला लागायच्या. तो चिखल ओला आहे तोवर काढावा लागतो, वाळला की दगड होतो. काका भिंतींवर थापा मारत फिरायचे, खांबाला कान लावायचे आणि म्हणायचे, “घर पास!” काकू पदर खोचून घमेल्यावर घमेली बाहेर नेत असायच्या. 

तो संगणक त्यांच्या मुलाचा. कॉलेजात असताना घेतलेला, नोकरीला पनवेलला गेला तेव्हा इथंच राहिलेला. मुलाची एकच भुणभुण होती, आईबाबांनी महाडचं घर सोडून पनवेलला यावं. एकदा फोनवर तो म्हणाला, “बाबा, तो डबा भंगारात द्या आणि घराला कुलूप लावा. दोन्ही जुनं झालंय.” फोन स्पीकरवर होता, मी पडवीत होतो.

“डब्याला काय झालंय?” काका म्हणाले.

“स्लो आहे, बाबा. आताचं काही त्याच्यावर चालत नाही.”

“फाष्ट करतो.”

मुलगा वैतागला. “करा! तो डबा दिवसभर फुल लोडवर न अडकता चालवून दाखवा. मी परत पनवेलचं नाव काढणार नाही.”

मुलगा हे रागात बोलला होता. काकांनी तो करार धरला. मशीन टिकलं तर घर टिकलं, नाहीतर पनवेल. एका जुन्या संगणकाचा आणि राहत्या घराचा हिशेब एकाच ओळीत कसा बसतो, हे मला काही उमगलं नाही. पण बापलेकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग सुरू झालं ते पळवणं. संगणकाच्या आत म्हणे एक ठोका असतो, आणि तो किती वेगानं पडायचा हे कंपनी ठरवून देते. काका मशीन सुरू होतानाच एक बटण टकाटक दाबून एका निळ्या पाटीत शिरायचे आणि तो ठोका वाढवायचे. हे सगळं ते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकले होते. मी विचारलं, “कंपनीनं सांगितलंय त्यापेक्षा जास्त कसं चालेल?”

“कंपनी सांगते तेवढंच चालवायचं तर मेकॅनिक कशाला पायजे?”

ठोका वाढवला की खुराक वाढवावा लागतो, म्हणजे आत जाणारी वीज. खुराक वाढला की मशीन तापतं. तापलं की पंखे. काकांनी डब्याची एक बाजू उघडी टाकून तिथं बस ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो तसला छोटा पंखा बसवला होता. आतल्या चिपेवर लावायची पेस्ट वेगळी मिळते, पण पहिल्या खेपेला त्यांनी डेपोतलं ग्रीस लावलं. आठवडाभर त्या खोलीत शिरलं की बोरिवलीची एसटी फलाटाला लागल्यासारखं वाटायचं.

“म्हणजे बैलाला पळवतात तसं,” मी म्हणालो. मला आपलं काहीतरी समजल्यासारखं दाखवायचं होतं.

“नाय, गुरुजी. बैल दमला तर बसतो. हे बसत नाय. चालताना दिसतं आणि उत्तर चुकवतं. तेच तर पकडायचंय.”

पकडण्यासाठी एक प्रोग्राम होता. तो मशीनला एकामागून एक प्रचंड गणितं घालायचा. त्यांची उत्तरं त्याला आधीच माहीत असायची. उत्तर चुकलं किंवा पडदा गोठला की मशीन नापास. मी म्हणालो, “उत्तर माहीत आहे तर विचारायचं कशाला?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुमी शाळेत काय करता?”

आता साक्षीदाराचं. डेपोत त्यांचा एक नियम होता. इंजिनचं मोठं काम झालं की गाडीत वाळूची पोती भरून ती पोलादपूरच्या घाटात न्यायची. घाट चढली तर पास. पण ज्यानं इंजिन खोललं त्यानं ट्रायलला गाडीत बसायचं नाही, दुसऱ्यानं बसायचं. “आपल्या हाताचं काम असलं की खडखड पण गोड लागते,” ते म्हणायचे. म्हणून मशीनची ट्रायल लागली की काका खोलीत थांबत नसत. बसच्या बॉनेटवर मारावी तशी डब्यावर थाप मारायचे, “जा” म्हणायचे आणि बाहेर पडवीत खिडकीकडे पाठ करून अडकित्ता घेऊन बसायचे. आत कुणीतरी साक्षीला. एरवी काकू असायच्या, सुट्टीच्या सकाळी मी.

संध्याकाळी ते आत यायचे, मशीन किती वेळ अखंड चालू आहे ते एका कोपऱ्यात बघायचे. सकाळपासून चालू असायचं. काकू म्हणायच्या, “काय झालं नाय हो.” मी म्हणायचो, “झालं की काका! पास! मुलाला फोन लावा!” आणि दर वेळी काका मान हलवायचे. “बघू. उद्या परत लावू.”

हे मला मुळीच कळत नसे. ज्या गोष्टीवर घर अवलंबून आहे ती हाताशी आलेली, आणि हा माणूस ती घेत नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मशीन दिवसभर चालायचं, काका ‘उद्या’ म्हणायचे. मला वाटायचं, यांना पास व्हायचंच नाही. मग वाटायचं, मलाच काहीतरी दिसत नाही. हे दुसरं खरं निघालं, पण ते फार नंतर.

मधे कुडपणचं प्रकरण झालं. काकूंचं माहेर कुडपणला, पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावर. एकदा काकांच्या डोक्यात आलं की मशीनची खरी ट्रायल महाडच्या सपाटीवर होणारच नाही. “सपाटीवर कुणी पण पळतं. घाट चढवला पायजे.”

“काका, ते बसला ठीक आहे. संगणक घाट कसा चढणार?”

“मांडीवर घेऊन.”

आणि खरोखर, पावसाळा सरता सरता, शाळेला सुट्टी लागल्यावर, आम्ही तो डबा गोधडीत गुंडाळून निघालो. पोलादपूरच्या स्टँडवर एका बाईनं विचारलं, “काय हाय वं यात?” काका म्हणाले, “पेशंट.” तिनं हात जोडले. पुढं जीपमध्ये पडदा माझ्या मांडीवर आणि पेशंट त्यांच्या.

वर हवा गार. काका खूश. “बघा, थंडाई फुकट!” त्यांनी मेहुण्याच्या घरात मशीन खिडकीत मांडलं, ठोका महाडात कधी धजले नव्हते इतका वाढवला, थाप मारली आणि बाहेर जाऊन बसले. मेहुणे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, “भावोजी, हितं त्याला पंखा नाय लागायचा, कांबळं लागंल.”

मी साक्षीला. थोड्या वेळानं खिडकीतून धुकं आत आलं. कुडपणच्या माणसांना त्याचं काही नसतं, ते उठून खिडकीसुद्धा लावत नाहीत. मला ते फार सुंदर वाटलं. मी बघतच राहिलो, म्हणजे धुक्याकडे. काकांच्या त्या ड्रायव्हरच्या पंख्यानं ते धुकं घटाघटा ओढून डब्यात घेतलं. टक् असा आवाज झाला आणि पडदा काळा.

मी ओरडलो, “काका, झालं! काहीतरी झालं!” निदान या वेळी तरी मला खात्री होती.

ते धावत आले, आत हात घातला, बोटं ओली झाली. मला वाटलं आता रडतील. तर चेहरा उजळलेला. “बघितलंत? चालतंय ते बघायचं नसतं, कशानं थांबतंय ते बघायचं.”

पाण्यानं संगणक बंद पडतो हे कळायला एवढा डोंगर चढायची गरज होती का, असं मी विचारणार होतो. पण ते इतके आनंदात होते की मी पंखा पुसायला घेतला. मेहुण्यांच्या बायकोनं सगळा डबा नाचणीच्या कणगीत पुरून ठेवला. कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठी टोपली. दोन दिवस मशीन त्या धान्यात गळ्यापर्यंत बसून होतं. ओल गेली, मशीन सुरू झालं. पुढे कित्येक महिने पंखा जोरात फिरला की आतून नाचणीचा एखादा दाणा उडून यायचा. एकदा माझ्या कपाळावर बसला. काका म्हणाले, “घाट चढून आलंय, थोडी धूळ असणार.”

शेवटी मुलाचा धीर सुटला. पुढच्या मे महिन्यात तो घरी आला आणि म्हणाला, “बाबा, किती वर्षं टेस्ट? उद्या माझ्यासमोर करा. झालं तर झालं, नाही तर पावसाच्या आत सामान बांधायचं. आईला किती दिवस चिखलात ठेवणार?” काका म्हणाले, “उद्या. पण साक्षीला घरातलं माणूस नको. गुरुजी बसतील.” मुलगा मला म्हणाला, “सर, टीए-डीए मिळणार नाही हां.” त्याला हसू येत होतं, पण तो थट्टेत नव्हता. काकाही नव्हते. रात्री त्यांनी जेवताना भात परत घेतला नाही, असं काकूंनी मला सकाळी सांगितलं.

सकाळी थाप, “जा”, आणि मी खुर्चीवर. मुलगा थोडा वेळ बसला आणि मग जवळच्या नाते गावात मित्राकडे जेवायला गेला. बाहेर काका. मेचं ऊन, खोली तापलेली, मशीन घोंघावतंय. त्या घरात वारा म्हणून काय तो त्याच एका खोलीत. नदीकडची खिडकी आणि पडवीकडची खिडकी समोरासमोर, त्यामुळे दुपारचा वारा तिथून आरपार जायचा. काकांनी मशीन तिथं ठेवलं होतं ते त्यासाठीच.

दुपारी काकू मला कोकमचं सरबत देऊन गेल्या. मग जेवण उरकून पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्या काखेत उशी होती. भिंतीशी खाट होती. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे केला, माउस धरला, पडद्यावरचा एक चौकोन टिचकन दाबला. घोंघावणं एकदम खाली बसलं. आकडे थांबले.

“काकू! हे काय केलंत?”

“गप केलं. रोजच करते.” त्या खाटेवर टेकल्या. “नातीनं दाखवलेलं, ह्यो चौकोन दाबला की गप बसतं. बंद नाय हो केलं. दिवा बघा, चालू हाय की.”

“पण गणितं थांबली ना?”

“थांबू देत. जेवल्यावर तुमच्या शाळंत तरी कोण गणितं करतं? उठले की परत लावते. इतकी वरसं झाली, ह्यांना पत्ता पण नाय.”

मी पार गोंधळलो. मशीन चालू होतं, म्हणजे अडकलेलं नव्हतं. पण भारही नव्हता. घाटात गाडी इंजिन चालू ठेवून उभी केली, तर ती पास की नापास? रोजच्या त्या सगळ्या पास झालेल्या ट्रायलींचं काय? आणि मी कुणाचा साक्षीदार? उठून काकांना सांगावं, तर काकूंचं काय होईल? न सांगावं, तर मी इथं बसलोय कशाला?

आवाज बसल्यामुळे खोली एकदम मोकळी झाली. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. बाहेर अडकित्ता कटकट वाजत होता.

“ती रेघ बघा, गुरुजी,” काकू पडल्या पडल्या म्हणाल्या. भिंतीवर मागच्या पुराची पिवळट रेघ होती. “रंग दिला तरी वर येते. हे म्हणतात, घर उभं हाय ना, मग झालं. घर हाय उभं. माझी कंबर नाय ऱ्हायली.” त्यांनी उशी सरळ केली. “मला जायचंय पनवेलला. नात हाय तिथं. जिन्यात चिखल नाय. पण मला कुणी इचारलंच नाय. पोरगा ह्यांना इचारतो, हे मशीनला इचारतात.”

“मग काकू, तुम्ही सांगा की काकांना.”

“नाय हो. ह्यांचा जीव हाय या घरात. तिथं गेले तर काय करतील? जिंकू देत आज. तुमी पण काय बोलू नका.” आणि त्यांनी कूस बदलली. वारा येत होता, दोनचार मिनिटांत त्यांना झोप लागली.

मी तसाच बसून राहिलो. बाहेरची कटकट कधीची थांबली होती. मला वाटलं, काकांचाही डोळा लागला असेल.

काकू उठल्या, तोंडावर पाणी मारलं, माउस धरून त्रिकोण दाबला. मशीन पुन्हा घोंघावू लागलं. त्या चहाला गेल्या.

संध्याकाळी सगळे त्या खोलीत जमले. मुलानं वाकून कोपऱ्यातली वेळ बघितली, डब्याला हात लावून बघितला आणि चटका बसून मागे घेतला. “कमाल आहे,” तो म्हणाला. “सकाळपासून चालू आहे. बाबा, जिंकलात तुम्ही.” त्याचा चेहरा पडला होता, पण बोलणं मनापासूनचं होतं. “सर, काही झालं नाही ना?”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

“नापास,” काका म्हणाले.

“अहो बाबा, चालू आहे ते!”

“चालू हाय. दुपारी न्यूट्रलला व्हतं.”

काकूंनी हातातली कपबशी खाली ठेवली. “तुमाला कसं कळलं?”

“पंख्याचा आवाज बसला. डेपोत जन्म गेला माझा. गाडी न्यूट्रलला गेली की झोपेत पण कळतं.”

“आज कळलं?”

“रोज कळतं.”

म्हणजे इतकी वर्षं रोज संध्याकाळी ते कोपऱ्यातली वेळ बघून ‘उद्या परत लावू’ म्हणत होते, ते यासाठी. ट्रायल झालेलीच नाही हे त्यांना माहीत होतं. पासही धरवत नव्हतं आणि दुसरं काही बोलवतही नव्हतं.

“मग बोललात का नाय?” काकूंचा आवाज चिरका झाला. “एवढं घर पणाला लावलंत, आणि मला एका शब्दानं सांगवलं नाय? मी माजघरात पडले असते की!”

“माजघरात तुला वारा लागत नाय,” काका म्हणाले.

मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. मग काकाच त्याला म्हणाले, “टेम्पो पावसाच्या आत सांग. भोंगा वाजल्यावर मिळत नाय.”

“अवो, पण आज तुमी...” काकू पुढे झाल्या.

“ट्रायल ती ट्रायल,” काका म्हणाले आणि वाकून मशीन बंद केलं. बंद करताना थाप मारली नाही, नुसता हात ठेवला.

जिना चढताना मला एकदम सुचलं. पडवीत बसून ज्याला पंखा बसलेला कळतो, त्याला आवाज बसल्यावर खिडकीतलं बोलणं ऐकू आलं नसेल? आणि अडकित्ता नेमका कधी थांबला होता? काकू रेघेबद्दल बोलत होत्या तेव्हा तो वाजत होता. पनवेलला जायचंय म्हणाल्या, त्यानंतर मला तो आठवत नाही. काकांनी ट्रायल नियमानं नापास केली, की काकूंना हवं ते देण्यासाठी केली? मला ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन आडून विचारलं, “काका, काल दुपारी तुम्हाला डुलकी लागली होती का?”

“ट्रायल चालू असताना मेकॅनिक झोपत नाय, गुरुजी,” ते म्हणाले, आणि माझ्या हातावर सुपारी ठेवली. डोळे लाल होते. मी ती सुपारी खिशात टाकली.

पावसाच्या आत ते गेले. मशीन काकांच्या मांडीवर, गोधडीत. काकू टेम्पोतून दिसेनाशा होईपर्यंत रडत होत्या. जायचं तर त्यांनाच होतं. हेही मला तेव्हा नीट कळलं नाही, आता थोडं कळतं.

त्या पावसाळ्यात भोंगा वाजला तेव्हा मी सवयीनं उठलो, खाट भिंतीला सरकवली, मधली जागा मोकळी केली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. खाली कुलूप होतं. वर येणारं कुणी नव्हतं. त्या मोकळ्या जागेकडे मला बघवेना. दुपारी फोन वाजला. काका होते.

“गुरुजी, पाणी कुठवर?”

“उंबऱ्याला लागलंय, काका,” मी पावसाच्या आवाजावर ओरडून सांगितलं. “पण थांबलंय बहुतेक. चढत नाही.”

“नक्की?”

“नक्की नाही सांगता येत.”

“मग बघत बसा. काय व्हत नाय ना, ते बघा.” मग त्यांचा आवाज एकदम खाली गेला. “आणि जरा हळू बोला. हिचा आत्ताच डोळा लागलाय.”

मी महाडात, ते पनवेलात. माझ्या ओरडण्यानं काकूंची झोप कशी मोडणार होती, हे मला समजलं नाही. पण मी हळू बोललो.